लग्नापुरत्या पुड्या घेऊ का?

*मावशी, मी ३४ वर्षांची, सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. सहा वर्षांपासून सोरायसिस आहे, कातडीवर खपल्यांचे चट्टे उठतात. कोपर, गुडघे, डोकं आणि आता कंबरही. मागच्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून एका गावाहून पुड्या आणल्या. तीन महिन्यांत अंग स्वच्छ, तब्येतही छान भरली. पुड्या संपल्या आणि महिन्याभरात आधीच्या दुप्पट उठलं. डिसेंबरात दिरांचं लग्न आहे. जाऊबाई माझा टॉवेल आणि साबण वेगळा ठेवतात, हळदीला "तू जरा लांबच थांब" असं आत्ताच सुचवून झालंय. निदान लग्नापुरत्या त्या पुड्या परत घेऊ का? आणि माझ्या आठ वर्षांच्या लेकीला हे होईल का? — स.*

स., पुड्या घेऊ नकोस. लग्नापुरत्याही नको.

"तब्येत छान भरली" असं तू लिहिलंयस, आणि मी तिथेच थांबले. आठवून बघ, चेहरा गोल झाला होता का? सारखी भूक लागायची का? पुडीत काय आहे ते तपासल्याशिवाय कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण कातडी झरझर साफ होते, अंग भरतं आणि औषध थांबताच सगळं उसळून वर येतं, हे एकत्र दिसलं की त्वचेच्या डॉक्टरांना संशय येतो तो पोटातून दिलेल्या स्टिरॉइडचा. सोरायसिसमध्ये हे औषध फार दगा देतं. घेताना सगळं झाकलं जातं, बंद केलं की आजार जोराने उलटतो. कधी अंगभर लाली पसरते, कधी पुवाचे बारीक फोड उठतात, ताप भरतो, हुडहुडी येते. तसं काही झालं तर घरी मलम चोळत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बिनलेबलाच्या पुड्या लोकांच्या अगतिकतेवर विकल्या जातात, याची मला मनापासून चीड येते.

आणि हे पत्र पाठवल्यानंतर तू पुड्या सुरू केल्याच असशील, तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नकोस. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, ते एका दिवसात पूर्ववत होत नाही. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि काय घेतलंस, किती दिवस घेतलंस, ते न लाजता सांग.

आता हातात असलेल्या दिवसांबद्दल. एरवी कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती विनाकारण चवताळते आणि तेच काम तीन-चार दिवसांत उरकतं, म्हणून खपल्यांवर खपल्या साचतात. त्या वज्रीने किंवा घासणीने घासून काढल्या तर कातडीला इजा होते, आणि सोरायसिस इजेच्या जागी नव्याने उगवतो. तू लिहिलेला कंबरेवरचा पट्टा बघ बरं, परकराची नाडी जिथे करकचून बांधतेस तिथेच आहे का? असेल तर रुंद इलॅस्टिकचा परकर शिवून घे किंवा नाडी सैल बांध. लग्नघरी कासार येईल, तेव्हा बांगड्या सैल मापाच्या भर. हात दाबून, ओढूनताणून चढवलेल्या बांगडीने मनगटावर नवा चट्टा उठू शकतो.

अंघोळ कडकडीत पाण्याने नको, कोमट पाण्याने कर आणि लवकर आटप. अंग टिपलं की ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर भरपूर लाव. थंडी सुरू झाली की दिवसातून दोनदा. डोक्याला रात्री खोबरेल तेल लावून खपल्या मऊ होऊ दे, नखांनी उचकटू नकोस. तुमच्याकडची कोरडी थंडी दर वर्षी येणारच आहे, तेव्हा ही सवय लग्न झाल्यावरही चालू ठेव.

पण एवढ्यावर भागणार नाही, त्वचारोगतज्ज्ञ हवेतच. जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचेची ओपीडी असते. बऱ्याच ठिकाणी प्रकाशोपचारही होतात, म्हणजे चट्ट्यांवर ठरावीक अतिनील प्रकाश सोडतात. आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं आणि फरक दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून या आठवड्यातच जा. मेडिकलवाल्याने दिलेलं गजकर्णाचं मिश्र मलम लावू नकोस, त्यात अनेकदा तीव्र स्टिरॉइड असतं. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट (चवताळलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध) दिलं तर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेणं जिवावर बेतू शकतं. आणखी मूल हवं असेल तर ते आधीच सांग, त्या गोळीवर असताना गरोदर राहता कामा नये. रक्तदाबाची काही औषधंसुद्धा सोरायसिस वाढवतात, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत ने. सकाळी बोटं आखडतात का, खडू धरताना सांधे दुखतात का, नखांवर बारीक खड्डे पडलेत का, हेही सांग. हा आजार सांध्यांत उतरतो, आणि ते लवकर कळलं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात.

खाण्याचं पथ्य तू विचारलं नाहीस, पण लग्नघरात दहा जणी वांगं बंद कर, दूध बंद कर म्हणून सांगतील. त्यांचं ऐकून उपाशी राहू नकोस. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने मात्र फायदा होतो.

जाऊबाईंचं वागणं मला खुपलं. सोरायसिस स्पर्शाने, टॉवेलने, एका ताटात जेवल्याने, कशानेही पसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१४च्या ठरावात त्याला असंसर्गजन्य आजारच म्हटलंय. पण हे तू एकटीने पटवत बसू नकोस. तपासणीला यजमानांना घेऊन जा, जमलं तर जाऊबाईंनाही, आणि "हे लागतं का?" हा प्रश्न त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचार. घरी येऊन ते सगळ्यांना सांगायचं काम यजमानांचं, कारण घर त्यांचं आणि भाऊही त्यांचाच. दिरांना हळद तूच लाव. तुझ्या स्वतःच्या भेगाळलेल्या चट्ट्यांवर मात्र कुणाला हळद फासू देऊ नकोस, आग होईल. हे वाचून रडू येत असेल, शाळेत जावंसं वाटत नसेल, झोप लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांग. या आजारात मन खचतं, त्यावर उपचार आहेत, आणि ताणाने चट्टे वाढतातही.

लेकीचं विचारलंस. घराण्यात असेल तर शक्यता थोडी वाढते, पण आई किंवा बाबा यांपैकी एकालाच असेल तर बहुतेक मुलांना होत नाही. तिच्या खाण्यापिण्यावर आत्तापासून बंधनं घालू नकोस. एवढंच लक्षात ठेव, की तिचा घसा दुखून ताप आला आणि दोन-तीन आठवड्यांत अंगावर थेंबांसारखे लालसर, खपलीचे ठिपके उठले, तर गोवर किंवा उष्णता समजून घरी थांबू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि तुझ्या आजाराबद्दलही सांगा.

— तुझी मावशी