एकच प्यादं जास्त, मग डिंगने डाव का सोडला?

प्रश्न: माझा मुलगा 11 वर्षांचा आहे, टुर्नामेंट खेळतो. एंडगेम, म्हणजे पटावर थोडेच मोहरे उरलेला शेवटचा टप्पा, आला की एखाद्या प्याद्याचाच फरक आहे म्हणून लगेच ड्रॉ मागतो. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला गुकेश आणि चीनचा डिंग लिरेन यांचा शेवटचा डाव आम्ही घरी पटावर लावून बघितला. गुकेशचं फक्त एक प्यादं जास्त होतं, तरी डिंगने डाव सोडला. असं का?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, पटावर मांडून बघितलात हे फार छान केलंत. 12 डिसेंबर 2024, सिंगापूर, चौदावा डाव. दोघांचे साडेसहा-साडेसहा पॉइंट, आणि ड्रॉ झाला असता तर दुसऱ्या दिवशी टायब्रेक, म्हणजे विजेता ठरवायला कमी वेळाचे रॅपिड डाव. डिंग पांढऱ्याने खेळत होता आणि तो ड्रॉकडेच निघाला होता. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, प्यादी दोनास एक. असा डाव नीट सांभाळला तर बरोबरीत सुटतो, म्हणजे तुमच्या मुलाचा अंदाज तिथपर्यंत बरोबरच आहे.

पण 55व्या चालीला डिंगने हत्ती एफ 2 या घरावर आणला, हत्तींची मारामारी झाली, म्हणजे दोघांचेही हत्ती मारले गेले की सुटलो असं त्याला वाटलं असणार. गुकेशने हत्ती मारला, डिंगने राजाने परत मारला आणि मग काळा उंट आला डी 5 वर. डिंगचा उंट ए 8 च्या कोपऱ्यात, त्याला त्या एकाच तिरक्या रेषेवर सरकता येतं आणि तीच रेषा गुकेशने अडवली, त्यामुळे उंटांचीही मारामारी टाळता येईना! राहिले राजे आणि प्यादी. 58व्या चालीला दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एकच घर, चाल डिंगची, म्हणजे बाजूला त्यालाच व्हावं लागणार. तिथे त्याने डाव सोडला. हत्ती असताना जे जास्तीचं प्यादं काही करू शकत नव्हतं तेच आता पटाच्या टोकाला पोचून वजीर होणार होतं.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की गुकेशने नंतर सांगितलं की ती चूक त्यालाही लगेच दिसली नव्हती, तो दुसरीच चाल खेळणार होता. म्हणजे फार काही दिसत नसतानाही तो ड्रॉ न घेता खेळत राहिला होता, वय 18!

मुलाला हाच डाव 55व्या चालीपासून लावून द्या. एकदा हत्ती ठेवून खेळू दे, एकदा मारामारी करून, आणि दोन्ही वेळा त्याला पांढऱ्या बाजूनेच बसवा.