जिंकण्याची लय लागली की काय पाहावं

आपला बेसबॉल संघ सलग आठ सामने जिंकला म्हणून तू हवेत आहेस, राहा! असे दिवस मनसोक्त साजरे करायचे. फक्त अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो, त्यामुळे ही मालिका तुटेल त्या रात्री टीव्ही बंद करू नकोस.

ओकलंड संघावरचा 'मनीबॉल' चित्रपट पाहिलास ते उत्तम. आता त्यातला खरा सामनाही शोधून पूर्ण बघ. ४ सप्टेंबर २००२, ओकलंड विरुद्ध कॅन्सस सिटी. ओकलंडला सलग विसावा विजय हवा होता. ११-० अशी आघाडी, आणि बघता बघता ११-११! नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये बदली फलंदाज म्हणून स्कॉट हॅटेबर्ग आला आणि त्याने चेंडू थेट प्रेक्षकांत धाडून सामना जिंकून दिला. माझ्या अंगावर आजही काटा येतो.

चित्रपटात मात्र पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, फारसे दिसत नाहीत. त्याच वर्षी ओकलंडच्या बॅरी झिटोला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला होता. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं, नजर आपसूक बॅटकडे जाते. ती पिचरकडे वळव. सुरुवातीचा पिचर सहसा चार दिवस विश्रांती घेऊन येतो, म्हणून लय टिकवायला चार-पाच चांगले पिचर लागतात.

एक वही घे आणि स्वतः स्कोअर लिही. स्ट्राइकआउटला, म्हणजे फलंदाज तीन स्ट्राइक होऊन बाद झाला की, इंग्रजी के (K) लिहायचा. तिसऱ्या स्ट्राइकला बॅट न फिरवताच फलंदाज बाद झाला, तर तोच के उलटा काढायचा. शनिवारी वही घेऊन घरी ये, पहिलं पान आपण मिळून भरू.