दाताच्या डॉक्टरांना भिणाऱ्या माणसाला फसवून दवाखान्यात नेऊ नये

प्रश्न : खालची दाढ किडली आहे आणि डॉक्टरांनी रूट कॅनॉल सांगितले आहे, पण दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाऊन मी परत येतो. घरचे म्हणतात, एक दिवस काहीतरी कारण सांगून गाडीत घालून नेतो. ही भीती कशी घालवावी? (चिकोडी)

उत्तर :

आपल्या घरच्यांचे ते वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून लिहीत आहे. त्यांना तसे करू देऊ नका. आमच्या घरात हा प्रकार घडलेला आहे, त्याचे परिणाम आम्ही पुढे कित्येक वर्षे भोगले, आणि त्यावरून माझा आणि माझ्या थोरल्या बंधूंचा वाद अजून मिटलेला नाही.

माझे माहेर निपाणीचे. आईने उमेदीची सगळी वर्षे तंबाखूच्या वखारीत काम केले आणि तिथल्या बहुतेक बायकांप्रमाणे तिलाही मशेरीची सवय होती. दाढ ठणकू लागली की ती मशेरीची चिमूट तिथेच दाबून धरत असे; थोडा वेळ बधिरपणा येई आणि दवाखान्याचा विषय मागे पडे. असे करता करता एकदा तिचा गाल सुजला आणि तोंड नीट उघडेना. तेव्हा बंधूंनी तिला सांगितले, "बेळगावला लेकीकडं जाऊन येऊ, तिनं जेवायला बोलावलंय." लेकीकडे जेवायचे म्हणून आई सकाळी नुसत्या चहावर निघाली. तवंदीचा घाट चढून गाडी बेळगावात आली आणि माझ्या घरासमोर न थांबता एका दाताच्या दवाखान्यासमोर थांबली. मला यातले काहीच ठाऊक नव्हते. दुपार टळल्यावर आई माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या तोंडात कापसाचा बोळा होता आणि ती माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती, कारण या बेतात मीही सामील आहे अशी तिची समजूत झाली होती.

दवाखान्यात काय झाले ते मला पुढे हळूहळू कळले. जागा बधिर करण्याचे इंजेक्शन दिले, पण बधिरपणा पुरता आलाच नाही; बंधूंनी आणि तिथल्या मदतनिसाने तिचे हात धरले आणि दाढ काढण्यात आली. खुर्चीवरून उठताना ती चक्कर येऊन पडली. या दोन्ही गोष्टींना साधी वैद्यकीय कारणे आहेत आणि ती आमच्या घरात कोणी समजून घेतली नाहीत. दंतवैद्य बधिर करण्यासाठी जे लिग्नोकेन नावाचे औषध वापरतात, ते निरोगी जागी उत्तम काम करते. पण जिथे पू झाला आहे आणि सूज आहे, तिथला भाग आम्लधर्मी झालेला असतो, त्यामुळे औषधाचा जो अंश मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरायला हवा, तोच कमी पडतो. म्हणजे भीतीपोटी जो माणूस दुखणे अंगावर काढतो, तो नेमका अशा दिवशी खुर्चीत येऊन पोहोचतो ज्या दिवशी औषधाचा गुण सर्वांत कमी येतो. मग त्याला खरोखरच दुखते, आणि आपण भीत होतो ते बरोबरच होते अशी त्याची खात्री पटते. जाणत्या माणसांना दाताची भीती का वाटते याचे निम्मे उत्तर मला तरी यातच दिसते.

चक्कर येण्याचे कारण तर त्याहून साधे होते. उपाशी पोट, आदल्या रात्रीचे जागरण आणि त्यावर बसलेला धक्का एवढे रक्तदाब एकदम खाली यायला पुरेसे असते. पण घरात निष्कर्ष असा निघाला की आईला इंजेक्शन सोसत नाही. पुढे कोणत्याही दवाखान्यात गेले की बंधू आधी तेच सांगत, "हिला इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे." लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार विरळ असते. इंजेक्शनमध्ये थोडे अ‍ॅड्रिनलिन मिसळलेले असते, कारण त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, बधिरपणा जास्त वेळ टिकतो आणि रक्त कमी जाते. त्यामुळे काही मिनिटे छातीत धडधडू शकते. हे आधी सांगितले तर माणूस ती धडधड ओळखतो आणि निभावून नेतो. कोणी सांगितलेच नाही तर त्याला आता आपले काही खरे नाही असे वाटू लागते.

त्यानंतर कित्येक वर्षे आई दाताच्या डॉक्टरांकडे फिरकली नाही आणि काही काळ माझ्या घरीही एकटी यायला कचरत असे. बंधूंचे म्हणणे तेव्हाही होते आणि आजही आहे की दाढ निघाली, सूज उतरली, याहून अधिक काय हवे होते. भीती म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे चोचले, ते ऐकत बसले तर उपचार होणार कधी? मी त्यांना एकदा नॉर्मन कोरा या संशोधकांच्या प्रश्नावलीविषयी सांगितले. दंतोपचाराची भीती मोजण्यासाठी त्यांनी १९६९ साली तयार केलेल्या या प्रश्नावलीत अवघे चार प्रश्न आहेत : उद्या डॉक्टरांकडे जायचे आहे, बाहेर आपल्या पाळीची वाट पाहत आहोत, खुर्चीत बसलो आहोत आणि डॉक्टर ड्रिल तयार करत आहेत, दात साफ करण्यासाठी अवजारे काढत आहेत, अशा प्रत्येक वेळी आपल्याला कसे वाटते? यांतला एकही प्रश्न प्रत्यक्ष उपचाराबद्दल नाही, चारही उपचाराच्या आधीच्या वेळेबद्दल आहेत. ज्या गोष्टीचे मोजमाप डॉक्टर मंडळी इतकी वर्षे करत आली आहेत, तिला चोचले म्हणणे मला मान्य नाही. शिवाय भीतीचा मुक्काम जर त्या आधीच्या वेळेत असेल, तर ती वेळ कमी करणे आणि त्या वेळेत माणसाला खरे सांगणे हाच त्यावरचा उपाय ठरतो. बंधूंनी नेमके उलट केले होते.

पुढे आईची वरची दाढ दुखू लागली. रात्री गरम दूध प्यायले की कळ कानापर्यंत जाई. या वेळी ती माझ्याकडे राहायला आली होती. मी तिला सरळ सांगितले की दाताच्या डॉक्टरांकडे जायचे आहे, आज फक्त दाखवायचे आहे, तोंडात अवजार घालू द्यायचे की नाही ते तू ठरवायचे. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "त्या वक्ताला असं सांगितलं असतं, तर मी आपणहून आलो असतो की." हे वाक्य मी बंधूंना अनेकदा ऐकवले आहे.

आमच्या भागातल्या डॉक्टरीणबाई मराठी आणि कानडी दोन्ही सहज बोलतात. पहिल्या दिवशी त्यांनी एक छोटा एक्स-रे काढला आणि बाकी सगळा वेळ आईचे प्रश्न ऐकण्यात घालवला. वरची दाढ असल्यामुळे डोळ्याला इजा होईल ही आईची मोठी धास्ती होती. दाढेची नस आणि दृष्टीची नस या पूर्णपणे वेगळ्या आहेत, हे बाईंनी कागदावर रेघा काढून दाखवले. सुई किती मोठी असते, असे आईने विचारल्यावर त्यांनी "दाखवू का?" असे विचारूनच सुई दाखवली, ती जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीची असते. सुई बघितल्यावर काहींची भीती वाढते हे खरे आहे, पण आईची कमी झाली. उपचाराच्या दिवशी सकाळची पहिली वेळ घेतली आणि भाकरी-भाजी खाऊन, रक्तदाबाची गोळी घेऊन आम्ही निघालो. हिरडीला आधी बधिर करणारी जेल लावली, ती मुरू दिली, मग इंजेक्शन अगदी सावकाश दिले, कारण औषध घाईने ढकलले की त्याच्या दाबानेच दुखते.

सुरुवात करण्यापूर्वी बाईंनी सांगितले होते की डावा हात वर केला की मी तत्काळ थांबेन. काम सुरू होऊन क्षणभरही झाला नसेल, तोच आईने हात वर केला. बाईंनी ड्रिल बंद करून बाहेर काढले आणि दुखले का असे विचारले. आईने मानेनेच नाही म्हटले आणि तोंड मोकळे झाल्यावर म्हणाली, "थांबता का न्हाई, ते बघितलं." त्यानंतर त्या दिवशी तिने हात वर केला नाही. रूट कॅनॉल पूर्ण झाले, वर कॅप बसली, आणि शेवटच्या खेपेला तर आई आत गेली तेव्हा मी बाहेरच बसले होते.

एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आईने तोंड पूर्ण उघडू दिले म्हणूनच, जिथे ती मशेरी धरत असे, तिथे गालाच्या आतल्या बाजूला असलेला पांढरा चट्टा बाईंना दिसला. असा चट्टा पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. आईने मशेरी सोडली आणि पुढच्या तपासण्यांत तो चट्टा विरत गेला. निपाणी-चिकोडी भागात ज्या घरांत मशेरी, तंबाखू किंवा गुटखा आहे, त्या घरांतल्या माणसाने दाताच्या डॉक्टरांपासून तोंड लपवणे म्हणजे केवळ एक दाढ गमावणे नव्हे, हे मला फार तळमळीने सांगायचे आहे.

आता आपल्या दाढेविषयी. सूज आलेली नसेल तर याच आठवड्यात जा. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला इंजेक्शन देतात, आणि नस फार चिडलेली असेल तर एका इंजेक्शनने भागत नाही. अशा वेळी डॉक्टर आणखी औषध देऊ शकतात, दाढेच्या शेजारी किंवा थेट दाढेच्या आतल्या नसेतही देऊ शकतात, म्हणून दुखत असेल तर सोसत बसू नका, हात वर करा. बधिर झाल्यावरही दाब आणि आवाज जाणवतो, कारण औषधाने वेदना थांबते, स्पर्श आणि दाब पुरते थांबत नाहीत. उपचारानंतर ओठ काही तास जड राहतो. तेवढा वेळ काही चावून खाऊ नका, नाहीतर गाल किंवा ओठ चावला जातो आणि त्याची जखम दाढेपेक्षा जास्त त्रास देते. दुखऱ्या जागी अ‍ॅस्पिरिनची गोळी ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने हिरडी भाजते.

डॉक्टर निवडताना पदवीच्या पाटीपेक्षा समजावून सांगण्याची तयारी बघा, आणि ते आपल्या भाषेत सांगतात का, ते बघा. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ या दोन संस्थांची दंत महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी खर्च कमी येतो आणि विद्यार्थ्यांच्या कामावर शिक्षकांची नजर असते, पण वेळ जास्त लागतो आणि समोरचा विद्यार्थी दुसऱ्या राज्यातला असला तर मराठीत बोलणे होईलच असे नाही. ज्याला बाहेर ताटकळत बसण्याचाच धसका आहे, त्याने सकाळची पहिली वेळ देणारा खाजगी दवाखाना बघावा, असे माझे मत आहे. बरेच जण चिकोडीहून कोल्हापूर गाठतात, त्यालाही माझी हरकत नाही.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या, त्या इथे लिहिते. जेवून जाण्याचा सल्ला केवळ जागा बधिर करून होणाऱ्या उपचारासाठी आहे. गुंगी किंवा पूर्ण भूल देणार असतील तर उपाशी राहण्याबद्दल डॉक्टर सांगतील तेच पाळावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण यांची माहिती आधी द्यावी, आणि पूर्वी इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठल्या असतील किंवा श्वास अडकला असेल, तर तेही लपवू नये. सूज जबड्याखाली किंवा डोळ्याकडे पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर भीतीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तेव्हा थांबणे जिवावर बेतू शकते. आणि खुर्चीचे नाव काढताच ज्याला घाम फुटून श्वास कोंडतो, त्याने दाताच्या डॉक्टरांआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात कमीपणा मानू नये.

माझे बंधू हे वाचतील तेव्हा म्हणतील की दोन्ही वेळा उपचार झालाच, मग फरक काय पडला? पहिल्या खेपेनंतर आई कित्येक वर्षे तोंड मिटून राहिली आणि तेवढी वर्षे तो चट्टा कोणाला दिसला नाही, हा फरक पडला. आपल्या घरच्यांची काळजी खरी आहे यात मला शंका नाही. त्यांना हे उत्तर वाचायला द्या. गाडी त्यांनीच चालवावी, वेळही त्यांनीच फोन करून ठरवावी. पण कोणत्या दिवशी, कोणाकडे आणि कशासाठी जायचे आहे ते आपल्याला आदल्या दिवशी ठाऊक असले पाहिजे, आणि आत खुर्चीजवळ कोणी थांबायचे की कोणीच थांबायचे नाही, ते फक्त आपण ठरवायचे.