सबटायटल काढले की सगळं डोक्यावरून जातं!

प्रश्न: ताई, मी पुण्यात जॅपनीज शिकतेय, जॅपनीजच्या परीक्षेची एन फोर लेव्हल झाली, डिसेंबरला त्याच्या वरची एन थ्री द्यायचीये. अॅनिमे सबटायटल लावून बघते तेव्हा सगळं कळतं, पण मॉक टेस्टचं लिसनिंग सुरू झालं की डोकं ब्लँक. क्लासमधे दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते सबटायटलशिवाय जमणारच नाही, दुसरी म्हणते ती चीटिंग आहे. चित्रांचंही तसंच, कुणाला मदत होते, कुणाचं लक्ष उडतं. काय करू?

उत्तर: अगं, सबटायटल इंग्लिशच असणार ना? जॅपनीजमधे आपल्यासारखंच क्रियापद शेवटी, येणार की नाही येणार ते वाक्य संपल्यावर कळतं, आणि इंग्लिश ओळ ते आधीच फोडून टाकते, मग कान कशाला शेवटपर्यंत थांबतोय! तू ऐकत नव्हतीस, वाचत होतीस.

जॅपनीज सबटायटल लावलेस तर कांजी, म्हणजे ती चिनी वळणाची चित्रलिपी, वाचेपर्यंत पुढचं वाक्य येतं. त्यापेक्षा छापील स्क्रिप्ट बरी, फुरिगाना, म्हणजे कांजीचा उच्चार बारीक अक्षरांत दिलेली. पण आधी एकदा नुसतं ऐक, कळलं ते मराठीत का होईना खरड, मग स्क्रिप्ट बघ, अडलं तिथे पेन्सिल मार आणि स्क्रिप्ट मिटून परत ऐक. बऱ्याचदा शब्द माहीत असतो पण कानाला सापडत नाही. 'ताबेते शिमात्ता' (खाऊन टाकलं) बोलताना 'ताबेच्यात्ता' होतं, हे कागदावर एकदा दिसल्याशिवाय कसं कळणार? ती चीटिंगवाली पार्टी इथे उगाच ताणतेय.

चित्रांचं म्हणशील तर परीक्षेत एका प्रकारात चित्र असतं, बाण दाखवलेला माणूस काय म्हणेल ते निवडायचं, पर्याय फक्त ऐकू येतात. पोरं चित्र बघतात पण बाण बघत नाहीत, आणि दुकानदाराचं वाक्य गिऱ्हाईकाच्या तोंडी घालून मोकळी होतात. म्हणून बोलणारा कोण हे आधी ठरव. चटकन उत्तर द्यायच्या प्रश्नांत आणि एकूण मुद्दा काय ते विचारतात त्यात मात्र पेपरवर काहीच छापलेलं नसतं, ऑडिओही एकदाच, त्याची प्रॅक्टिस नुसत्या आवाजावरच करावी लागेल, बसमधे इयरफोन लावून केलीस तरी चालेल. लिसनिंगला 60 पैकी 19 नाही पडले तर बाकी कितीही भारी असो, नापासच.

अॅनिमे सोड असं नाही म्हणत हं, जेवताना बघ खुशाल इंग्लिश लावून, फक्त तो वेळ अभ्यासात धरू नकोस.