माझ्या गे जवानावरच्या फिल्मला एनओसी (ना-हरकत पत्र) लागते का?

हो, थेटरात लावायची असेल तर संरक्षण मंत्रालयाची एनओसी घ्यायला सांगतात, अन् जवान समलिंगी दाखवला तर ती मिळणं लय अवघड हाय. २०२० मध्ये मंत्रालयानं सेन्सॉर बोर्डाला पत्र देऊन कळवलं होतं का सैन्यावर सिनेमा नाहीतर वेबसिरीज काढणाऱ्यानं आधी आमची एनओसी घ्यावी. मंग जानेवारी २०२२ मध्ये दिग्दर्शक ओनिर यांची स्क्रिप्ट नाकारली, त्यात काश्मीरातला जवान अन् तिथलाच एक पोरगा यांचं प्रेम होतं, अन् संसदेत उत्तर आलं का यानं सैन्याची प्रतिमा खराब होते. मला हे बिलकुल पटत नाही, प्रेमानं कोणाची वर्दी कशी मळते? २०१८ ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा मानणाऱ्या कलम ३७७ मधून दोन सज्ञान लोकांचे संमतीचे संबंध वगळले, पण आर्मी ॲक्टचं कलम ४५, ४६ (अशोभनीय अन् लाजिरवाण्या वागण्याला शिक्षा देणारं) अजून तसंच हाय.

फक्त एक, यूट्यूबवर टाकायला सेन्सॉर सर्टिफिकेट लागत नाही. तुमची गोष्ट तर सुट्टीवर गावी आलेल्या पोराची हाय, लग्नाची बोलणी चाललीत अन् त्याला आपण कोण हे उमगतं, तर ती घरात, वावरात, एसटी स्टँडवरच घडू द्या, छावणी दाखवूच नका. कामठी-पुलगावच्या लष्करी हद्दीजवळ कॅमेरा तर चुकूनही काढू नका, अन् खऱ्या रेजिमेंटचं नाव, बिल्ला टाळा.