सोशल मीडियाने मतं फिरतात का?

सोशल मीडियावरच्या प्रचाराने खरोखर मतं फिरतात की नुसता गाजावाजा होतो, असं तुम्ही विचारलंय. मी एका उमेदवारासाठी दोन महिने व्हिडिओ कापणं, मजकूर लिहिणं, ग्रुप सांभाळणं ही कामं केली आहेत. (उमेदवार पडला. तेव्हा माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा.)

समोरच्या पक्षाचा पक्का मतदार पोस्ट वाचून आपल्याकडे वळलाय, असं मला एकदाही दिसलं नाही. तो येतो तो कमेंटमध्ये भांडायला. खरा उपयोग होतो तो आपल्याच आळशी माणसांना घराबाहेर काढायला. २०१०च्या अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी फेसबुकच्या सुमारे ६.१ कोटी वापरकर्त्यांवर एक प्रयोग झाला होता. काहींना 'आज मतदान आहे' एवढाच संदेश दिसला, तर बहुतेकांना त्यासोबत मतदान करून आलेल्या मित्रांचे फोटोही दिसले. कोरड्या संदेशाने काही फरक पडला नाही, फोटोंनी पडला. संशोधकांच्या अंदाजाने सुमारे ३ लाख ४० हजार मतं जास्त पडली आणि त्यातली बरीचशी मित्रांकडून मित्रांकडे झिरपलेल्या परिणामामुळे.

आमचंही तेच झालं. पैसे खर्चून केलेल्या चकचकीत व्हिडिओला लाखभर व्ह्यूज मिळाले, आम्ही नाचलो. नंतर आकडे उघडून पाहिले तर बघणारे बहुतेक मतदारसंघाबाहेरचे! उलट एका कार्यकर्तीने आपल्या इमारतीच्या ग्रुपवर टाकलेला घोगऱ्या आवाजातला व्हॉइस मेसेज ऐकून लोक तिला फोन करून विचारत होते, की आमचं नाव कुठल्या केंद्रावर आहे.

लोकांच्या फेसबुकवरच्या माहितीवरून राजकीय प्रचार आखून देणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचं प्रकरण २०१८मध्ये उघड झालं, तेव्हापासून 'डेटावाले मन वाचतात' अशी एक भीती बसली आहे. ८.७ कोटींपर्यंत लोकांची माहिती एका चाचणीच्या ॲपमार्फत गेली, हे फेसबुकनेच मान्य केलं. तो गुन्हा मोठाच. पण मन वाचण्याची जादू मला तरी विक्रेत्याची बढाई वाटते.

मला भीती वाटते ती शेवटच्या ४८ तासांची. २०२३मध्ये स्लोव्हाकियात मतदानाला दोन दिवस उरले असताना मिखाल शिमेच्का या नेत्याचा, मतांच्या गैरव्यवहाराबद्दल बोलतानाचा बनावट ऑडिओ पसरला. प्रचारबंदी सुरू झालेली, त्यामुळे खोडून काढायलाही अडचण. तो त्यामुळेच हरला असं म्हणता येणार नाही, पण वेळ मात्र अचूक साधली होती. व्हॉट्सॲपने २०१९मध्ये जगभर फॉरवर्ड पाच चॅटपुरता मर्यादित केला, २०२०मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केलं. त्याने वेग कमी होतो, अफवा थांबत नाही.

आमच्या उमेदवाराने आयत्या वेळी दुसऱ्याला पाठिंबा दिला, अशी अफवा मतदानाच्या आदल्या रात्री फिरली. आम्ही हजारो लोकांचे ग्रुप चालवत होतो, पण ती आमच्या एकाही ग्रुपवर आली नाही. सकाळी दहाला एका केंद्रावरच्या पोराचा फोन आला, "दादा, आपण अजून उभे आहोत ना?"