नाव घेऊन हाक मार

प्रिय बाळ,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चार पानांत तुझ्या वॉर्डातले तीन मृत्यू आहेत आणि नाव एकाचंही नाही. 'सात नंबर', 'खिडकीजवळचा कॅन्सर', 'परवाची स्ट्रोक'. पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून गाळली असतील, अशी मी आधी स्वतःची समजूत घातली. मग शेवटच्या पानावर आले. परवाची बाई गेल्यावर तू हात धुतलेस, रजिस्टर पूर्ण केलंस, जेवायला बसलीस आणि घास घेताना लक्षात आलं, की रडू येतच नाहीये. आपण दगड झालो का, असं विचारतेस.

रडू आलं की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. मला एकच विचारायचंय. त्या बाईला तू शेवटची हाक कोणत्या नावानं मारलीस?

नंबराची सवय तुझी एकटीची नाही, हे मला ठाऊक आहे. इझाबेल मेंझीस यांनी लंडनच्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास करून 1960 मध्ये लिहून ठेवलंय, की तिथं पेशंटला 'दहा नंबरचं लिव्हर' म्हणत. एकीनं सगळ्यांचे ताप बघायचे, दुसरीनं सगळ्यांना शौचाची भांडी द्यायची, म्हणजे कुणाचा कुणाशी फार संबंध यायला नको. मृत्यूची धास्ती लागू नये म्हणून आख्ख्या रुग्णालयानं उभारलेली ती भिंत होती. धास्ती मात्र गेली नाही, आणि चांगल्या मुली शिक्षण अर्धवट टाकून निघून जात होत्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. कारण तोवर माझ्या हातून व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नोकरीचं दुसरं वर्ष, नाइट ड्युटी. अकरा नंबरला यकृत निकामी झालेली बाई. "सिस्टर, जरा बसता का?" असं तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी "आलेच" म्हटलं आणि चार्ट भरत राहिले. पहाटे गेले तेव्हा ती गेलेली होती. मुलगी धावत आली. कागद भरायला नाव हवं होतं म्हणून मी तिच्या आईच्या मनगटावरची पट्टी उलटून वाचायला लागले. पट्टी तपासायचीच असते, तो नियमच आहे. पण मी तपासत नव्हते, शोधत होते. पाच रात्री जिची सलाइन बदलली तिचं नाव मला येत नव्हतं, आणि हे तिची मुलगी समोर उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझा हट्ट आहे. नाव घे. ड्युटीवर आलीस की आधी नाव, मग बीपी. ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देताना नाव, मग निदान. कूस बदलताना, ओल्या स्पंजनं ओठ-जीभ पुसताना, नाव घेऊन सांग की आता काय करतेय. श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू व्हायला लागला, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटली, तरीही. ऐकू येत नसणार, असं म्हणू नकोस. कॅनडात शेवटच्या घटका मोजणाऱ्या, प्रतिसाद न देणाऱ्या पेशंटच्या मेंदूचे आलेख काढले होते, 2020 मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातल्या काहींचे मेंदू बदलत्या आवाजांना निरोगी माणसांसारखाच प्रतिसाद देत होते. त्यांना अर्थ कळत होता का, हे त्यावरून सांगता येत नाही. पण तेवढ्या शक्यतेसाठी नाव घ्यायला काय जातं ग?

आणि घशातली घरघर सुरू झाली की नातेवाईक घाबरतात. घशातला स्राव ओढायला सारखं सक्शन लावू नकोस, त्यानं पेशंटलाच त्रास होतो. कुशीवर वळव आणि नातेवाइकांना सांग, की ऐकणाऱ्याला वाटतं तेवढा हा त्रास बहुधा पेशंटला होत नसतो. सांगताना 'पेशंट' म्हणू नकोस. नाव घे.

प्रत्येकासोबत थोडं थोडं मरायचं, असं मी सांगत नाहीये. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या मेंदूच्या अभ्यासकांनी दाखवलंय, की दुसऱ्याचं दुःख नुसतं आपल्यात ओढून घेतलं की माणूस खचतो. त्याचं भलं व्हावं ही ओढ मनात धरली तर तसा खचत नाही. मेंदूतल्या वाटासुद्धा वेगळ्या आहेत. तुला पहिलं जमेना म्हणून तू दुसरंही सोडून दिलंस. याचा मला राग आहे. दमलीस, हे मान्य. दमल्यावर रजा माग, झोप, वॉर्ड बदलून घे, माझ्याकडे ये. पण नंबरावर येऊ नकोस.

तुझ्या इन्चार्ज म्हणतात ना, की वेळ कुठाय? मलाही म्हणायच्या. 'स्लो' हा शिक्का माझ्यावर वर्षानुवर्षं होता, दोनदा बढती हुकली. मी स्लो नव्हते. माझी औषधं कधी चुकली नाहीत, माझ्या पेशंटना पडून पडून जखमा झाल्या नाहीत. नावाला दोन सेकंद लागतात. बढती मिळाली असती तर वॉर्डाची पद्धतच बदलली असती, असं अजूनही मनात येतं. ते झालं नाही. म्हणून एकेका मुलीला असं लिहीत बसते.

अमेरिकेतले एक परिचारक, जोनाथन बार्टेल्स, यांनी इमर्जन्सीत एक रीत सुरू केली. पेशंट गेला की सगळ्यांनी मिनिटभर, जिथं असू तिथं, गप्प उभं राहायचं. तुझ्या वॉर्डात सगळे थांबणार नाहीत. तू थांब. देह पुसताना, चादर ओढण्याआधी, एकदा नाव घे. मग खुशाल जेवायला जा.

परवाच्या बाईचं नाव मला कळवू नकोस. पण उद्या ड्युटीवर गेलीस की रजिस्टर उघड आणि तिघांचीही नावं शोधून वाच. मोठ्यानं वाच.

तुझी,
सिस्टर